कितला वॅटना शे? गाडीतल्या साऊंडचं साधं गणित

धुळे-जळगावकडे गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, हाऊ कितला वॅटना शे?" (भाऊ, हा किती वॅटचा आहे?) दुकानदार खोकं फिरवून ठळक आकडा दाखवतो. 500, 800, 1200. ज्याचा आकडा मोठा तो माल भारी, यावर दोघांचंही एकमत असतं, त्यामुळे घासाघीस फक्त किमतीवर होते. मग गाडी हायवेला लागते. पारोळ्याच्या पुढे रस्ता मोकळा सापडला म्हणून आवाज वाढवावा, तर दार खडखडायला लागतं आणि गाणाऱ्याचा गळा फाटतो. दहा मिनिटांत डोकं दुखतं ते वेगळंच.

खोक्यावरचा आकडा येतो कुठून, हे एकदा कळलं की बाकीची निवड बरीच सोपी होते. डॅशबोर्डवरचा साधा स्टिरिओ घ्या. त्यावर हमखास '50 वॅट × 4' लिहिलेलं असतं. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, पण इंजिन चालू असताना अल्टरनेटर चार्जिंग करत असतो म्हणून वायरीत 14.4 व्होल्टपर्यंत मिळतात. गाडीतला स्पीकर बहुतेक 4 ओहमचा, म्हणजे विजेला तेवढा अडथळा करणारा. व्होल्टचा वर्ग करायचा आणि ओहमने भागायचं, म्हणजे वॅट निघतात. 14.4 गुणिले 14.4 झाले 207. भागिले 4, म्हणजे 52 च्या आत-बाहेर. झाले तुमचे 50 वॅट.

हिशोब चुकीचा नाही, पण तो लागू कधी होतो ते पाहा. स्टिरिओ पूर्ण ताणला, आवाजाची लाट वरच्या टोकाला जाऊन सपाट कापली गेली आणि चौकोनी झाली, तेव्हाच हे 50 वॅट स्पीकरला मिळतात. चौकोनी लाट म्हणजे फाटलेला आवाज. गाण्यातली स्वच्छ लाट गोलाईने चढते-उतरते, आणि तिच्यासाठी हाच हिशोब निम्म्यावर येतो: 26 वॅट. त्यातले काही व्होल्ट स्टिरिओच्या आतल्या आयसीतच (आवाज वाढवणाऱ्या चिपमध्ये) खर्ची पडतात. हाती उरतात 18 ते 22 वॅट. स्टिरिओ कुठल्याही कंपनीचा असो, साध्या आयसीवर चालणारा असेल तर या आकड्याच्या फार पुढे जात नाही, कारण मुळात व्होल्टच तेवढे आहेत.

या खऱ्या, सलग मिळणाऱ्या ताकदीला आरएमएस वॅट म्हणतात. खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हा आकडा असतो. 'मॅक्स', 'पीक' हे पुढच्या बाजूचे. कॅसेटच्या जमान्यात डेकवर 'पीएमपीओ' असा हजारांतला आकडा छापायचे, त्याची ही धाकटी भावंडं. स्पीकर असो, अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) असो की वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर), तिन्ही वस्तूंचा फक्त आरएमएस आकडा एकमेकांशी जुळवायचा. खोक्यावर आरएमएस कुठेच नसेल, तर ते खोकं काउंटरवरच राहू द्या.

वॅटसोबत आणखी एक आकडा असतो, जो कोणी विचारत नाही: सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते हा आकडा सांगतो. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो, आणि कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. आता 92 डेसिबलचा स्पीकर 20 वॅटवर 105 डेसिबलला पोचतो. तेवढ्याच आवाजासाठी 88 डेसिबलच्या स्पीकरला 50 वॅट पाजावे लागतात. म्हणजे अँप लावायचाच नसेल, कंपनीच्या स्टिरिओवरच भागवायचं असेल, तर '400 वॅट'वाला जड स्पीकर घेणं हा उलटा सौदा. त्याला पुरेशी ताकद मिळणारच नाही. तिथे 90 च्या पुढची सेन्सिटिव्हिटी असलेला हलका स्पीकर घ्यावा.

दार हाच स्पीकरचा डबा

स्पीकर दोन प्रकारचे येतात. को-ॲक्सिअलमध्ये मोठ्या कोनच्या मधोमध छोटा ट्वीटर, म्हणजे बारीक स्वर वाजवणारा स्पीकर, बसवलेला असतो. जुना काढला, नवा लावला, काम संपलं. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा येतो, तो आरशाजवळच्या त्रिकोणी पट्टीत किंवा डॅशबोर्डच्या खांबावर बसतो. फरक जागेचा आहे. बारीक, उंच स्वर सरळ रेषेत जातात. ट्वीटर खाली दारात असला की ते तुमच्या गुडघ्याला ऐकू येतात. कंपोनंटने गाणं वर येतं, गाणारा काचेसमोर उभा असल्यासारखा वाटतो. पुढच्या दोन दारांत कंपोनंट, मागच्या दारांत कंपनीचेच जुने स्पीकर, ही माझ्या मते सगळ्यात शहाणी विभागणी. गाडीत दहातल्या नऊ वेळा तुम्ही पुढेच बसता. मागच्या ट्रेवर 6 बाय 9 इंची अंडाकृती स्पीकर ठोकायची आपल्याकडे जुनी हौस आहे, पण हॅचबॅकचा तो ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. स्पीकरपेक्षा तोच जास्त वाजतो, आणि गाणं पाठीमागून ऐकू येतं ते वेगळं.

मात्र स्पीकर कितीही चांगला घेतला तरी दार तसंच ठेवलं तर अर्धे पैसे वाया. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा मागची हवा उलट खेचली जाते. म्हणजे पुढून एक लाट आणि मागून तिच्या नेमकी उलटी लाट. दाराच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठमोठी भोकं असतात, त्यांतून मागची लाट पुढे येते आणि दोघी एकमेकींना मारून टाकतात. सगळ्यात जास्त मार बसतो तो खालच्या सुरांना. गिऱ्हाईक म्हणतं, "स्पीकरमध्ये बेसच नाही." बेस होता, दारातच जिरला.

म्हणून डॅम्पिंग. दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटपट्टीसारखी जड शीट लावायची, आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची, आणि स्पीकरखाली एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) किंवा जाड प्लास्टिकची रिंग घालून तो घट्ट बसवायचा. आता खान्देशाचं म्हणून एक खास सांगणं. या शीट दोन जातींच्या मिळतात: एक डांबराची, एक ब्युटाइल रबराची. डांबराची स्वस्त. पण भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या घरात तापतो. अशा उन्हाळ्यात डांबराची शीट मऊ पडते, ओघळते, पत्रा सोडते. गाडीत नवीन सडक केल्याचा वास येतो. काचेच्या मशीनमध्ये तो गोळा अडकला, तर काच खाली जाऊन वर येईना, अशी पाळी येते. इथे ब्युटाइलच घ्यायचं. लावण्याआधी पत्रा थिनरने पुसायचा, कारण आपल्या रस्त्यांची धूळ दारात आतपर्यंत बसलेली असते आणि धुळीवर काहीच चिकटत नाही. खाली पाणी निघायची भोकं असतात, ती मात्र बुजवायची नाहीत. बुजवली तर पहिल्या पावसातच दार पाणी धरायला लागतं.

अँप: वॅटच्या आधी ओहम पाहा

स्टिरिओ 20 वॅटवर का अडकतो ते वर पाहिलं: व्होल्टच नाहीत. अँपच्या आत एक छोटा पॉवर सप्लाय असतो, तो आधी बॅटरीचे व्होल्ट चढवतो आणि मग त्यावर आवाज मोठा करतो. म्हणून तो 60, 100, 500 वॅट खरोखर देऊ शकतो. अँपच्या दोन जाती तुम्हाला दिसतील. क्लास एबी निम्म्याच्या आसपास वीज आवाजात बदलतो, उरलेली उष्णता. क्लास डी 80 टक्क्यांच्या पुढे जातो. पूर्वी दारातल्या स्पीकरसाठी एबीच हवा असं म्हणत आणि ते खरंही होतं, पण आताचे चांगले क्लास डी अँप तिथेही मस्त चालतात. उन्हाळा आपल्यासारखा असेल तर कमी तापणारं यंत्र घ्यावं, एवढाच माझा कल. अँप वूफरच्या बॉक्सवर ठोकू नका, थरथरून आतले टाके निघतात. उलटा टांगू नका, उष्णता आतच राहते आणि ऐन दुपारी तो स्वतःला वाचवायला बंद पडतो.

ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. अडथळा कमी तेवढा अँप जास्त वीज सोडतो, आणि एका मर्यादेनंतर जळतो किंवा 'प्रोटेक्ट'चा लाल दिवा लावून बसतो. ही गडबड वूफरच्या बाबतीत सर्रास होते, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत पाहू.

समजा तुमच्याकडे मोनोब्लॉक, म्हणजे फक्त वूफरसाठीचा एकच चॅनलचा अँप आहे. त्यावर लिहिलंय: 4 ओहमला 300 वॅट आरएमएस, 2 ओहमला 500. त्याच्याखाली जायला मनाई. आता 12 इंची वूफर घ्यायला गेलात. एकाच मॉडेलचे दोन प्रकार समोर येतात, 'ड्युअल 4 ओहम' आणि 'ड्युअल 2 ओहम'. ड्युअल म्हणजे आत दोन कॉइल. ड्युअल 4 च्या दोन्ही कॉइल समांतर जोडल्या, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, तर एकूण होतात 2 ओहम. अँप पूर्ण 500 देतो. ड्युअल 2 समांतर जोडला तर होतो 1 ओहम, आणि अँप संपला. तो एकापाठोपाठ एक, सिरीजमध्ये जोडावा लागेल, म्हणजे 4 ओहम आणि 300 वॅट. वूफर तोच, किंमतही बहुधा तीच, पण चुकीचा प्रकार उचललात तर 200 वॅट गेले. दोन चॅनलचा अँप ब्रिज करून वूफरला लावायचा असेल तर अजून जपून. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम दिसतो. 4 ओहमचा वूफर त्याच्या दृष्टीने 2 ओहमचा असतो.

स्पीकरच्या आरएमएसपेक्षा अँपचा आरएमएस थोडा जास्त असला तरी घाबरायचं कारण नाही. उलट छोटा अँप पिळून पिळून वाजवला की ती मघाचीच चौकोनी लाट तयार होते, आणि कॉइल जळतात त्या बहुतेक तिच्यामुळे.

वूफर आणि त्याचा बॉक्स

गाणाऱ्याचा शब्द, पावरीचा सूर, बाजाची पेटी, हे सगळं साधारण 200 ते 4000 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या; आकडा कमी तेवढा सूर खालचा) पट्ट्यात बसतं. दारातले स्पीकर ते सहज वाजवतात. लग्नातल्या गाण्याचा छातीत बसणारा 'धम्म' मात्र 40 ते 60 हर्ट्झला असतो. साडेसहा इंची स्पीकर तिथे हात टेकतो. वूफरचं काम एवढंच, खालचे दोन-तीन पायऱ्यांचे सूर. तो वेगळा ऐकूच येऊ नये, दारातूनच बेस येतोय असं वाटावं, ही चांगल्या फिटिंगची खूण. आपल्याकडे खूण उलटी आहे: आरशातलं मागच्या गाडीचं चित्र हललं पाहिजे.

बॉक्स दोन प्रकारचा. बंद बॉक्समध्ये आतली हवा कोनला मागे ढकलते, म्हणून ठोका पडतो तिथेच थांबतो. ढोलकी, तबला, जुनी गाणी यांना हाच. 12 इंची वूफरला साधारण 28 ते 35 लिटर पुरतात. नळीवाल्या, म्हणजे पोर्टेड बॉक्सला त्याच वूफरसाठी 50 ते 60 लिटर लागतात. तेवढ्याच वॅटमध्ये तो जास्त दणका देतो, पण ज्या सुरावर नळी बांधली आहे त्याच्या खाली आवाज झपकन पडतो आणि कोन मोकाट हलायला लागतो. अशा बॉक्सबरोबर अँपवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फारच खालचे सूर अडवणारं बटन, चालू ठेवायचा. बाजारात '12 इंची बॉक्स' म्हणून रेडीमेड मिळतात, ते भोकाच्या मापाने 12 इंची असतात. आतलं लिटरचं माप कोणी मोजलेलं नसतं. वूफरच्या कागदावर ते छापलेलं असतं. ते घेऊन सुताराकडे गेलात, 18 मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये सांधे गोंदाने भरून बॉक्स करून घेतलात, तर जास्त महागडा वूफर घेण्यापेक्षा फरक पडतो.

डिक्कीत सीएनजीची टाकी असेल, किंवा दर आठवड्याला शेतातून घरी पोती-क्रेट आणायचे असतील, तर बॉक्सचा विचारच सोडा. सीटखाली मावणारे आठ इंची चपटे वूफर येतात, अँप आतच असतो. त्यांनी काच हलत नाही, पण दारातल्या स्पीकरचं ओझं उतरतं. माझ्या मते दहातल्या सात गाड्यांना तेवढं पुरतं. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम जास्तच कडक आहेत, वस्तीत 45 डेसिबलची मर्यादा; वरातीवरून परतताना पोलिसांनी अडवलं तर वूफरचा ब्रँड कामी येत नाही.

वायर

इथे लोक सगळ्यात जास्त कंजुषी करतात, आणि गाडीला आग लागते ती इथेच. 500 वॅटचा क्लास डी अँप पूर्ण ताकदीने चालला तर बॅटरीतून सव्वासहाशे वॅट ओढतो. 13.5 व्होल्टने भागा: 46 अँपियर. घरातल्या दीड टनाच्या एसीलाही साधारण 10 अँपियरच्या आतच लागतात. एवढा करंट बारीक वायरीतून नेणं म्हणजे साडेसातच्या मोटरला एक इंची पाइप लावून केळीला पाणी देणं. मोटर ओरडते, बागेपर्यंत काही पोचत नाही. एवढ्या करंटला 4 गेजची वायर घ्या.

वायर तांब्याची आहे का तेही पाहा. स्वस्त किटमध्ये आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो, तिची वाहकता तांब्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी. ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम, लाल निघाली तर तांबं.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो वायरीला वाचवायला असतो, अँपला नाही. बॅटरी आणि अँपच्या मध्ये कुठेही वायर सोलून बॉडीला टेकली तर फ्यूज उडाला पाहिजे. अँपची अर्थिंग छोटी, तेवढीच जाड, आणि रंग घासून काढलेल्या उघड्या पत्र्यावर. अर्थिंग कच्ची राहिली की एक्सलेटर दाबला की स्पीकरमधून 'चुंईंई' असा चढता आवाज येतो. हेडलाइट वूफरच्या ठेक्यावर मिचकायला लागले की दुकानदार कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा डबा, सुचवतो. एक फॅरडचा तो डबा 2 व्होल्ट उतरेपर्यंत 50 अँपियर देतो ते फक्त एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरते. अल्टरनेटरच कमी पडत असेल तर कपॅसिटरने काही होत नाही. आधी अर्थिंग बघा, बॅटरीचं वय बघा.

कंपनीची वायरिंग कापू देऊ नका. प्रत्येक मॉडेलचे कपलर, म्हणजे वायर न कापता जोडायचे प्लग, मिळतात. कापलेली वायर पाहिली की सर्व्हिस सेंटरला वॉरंटी नाकारायला कारण सापडतं.

शेवटचं काम: गेन

फिटिंग झाल्यावर पोरगा अँपवरचा गेन शेवटपर्यंत फिरवतो, "हाई दख भाऊ, कसा वाजस!" गेन हे आवाजाचं बटन नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे, हे अँपला सांगायचा तो स्क्रू आहे. मल्टिमीटर असला तर तो नेमका लावता येतो. अँपचे वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे हवे तेवढे व्होल्ट. 500 वॅट, 2 ओहम: हजाराचं वर्गमूळ साधारण 31.6. वूफरची वायर काढून ठेवा, बास-बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर आणा, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून 50 हर्ट्झचा सलग सूर वाजवा, आणि अँपच्या टोकांवर एसी व्होल्ट 31 दिसेपर्यंत गेन हळू चढवा. तिथे थांबा. दारातल्या 75 वॅट, 4 ओहमच्या चॅनलसाठी हाच आकडा 17.3, सूर मात्र 1000 हर्ट्झचा घ्या.

क्रॉसओव्हर, म्हणजे सुरांची वाटणी करणारी सेटिंग, 80 हर्ट्झवर ठेवा: दारांना हाय-पास (फक्त वरचे सूर), वूफरला लो-पास (फक्त खालचे सूर). दारातून खालचे सूर काढले की तेच स्पीकर जास्त मोठ्याने आणि स्वच्छ वाजतात. स्टिरिओत टाइम अलाइनमेंट (सगळ्या स्पीकरचा आवाज एकाच वेळी कानाला पोचवणारी सोय) असेल तर टेप घेऊन प्रत्येक स्पीकरपासून आपल्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजून भरा. आपण उजवीकडे बसतो, डावा स्पीकर अर्धा मीटर लांब असतो, त्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढ्यानेही गाणारा उजव्या दाराकडे सरकल्यासारखा वाटतो.

आणि एवढं सगळं करून मागून कुठून तरी खडखड येतच असेल, तर 30 ते 80 हर्ट्झचा सरकता सूर लावून गाडीभोवती फिरा, हाताने एकेक भाग दाबून बघा. बहुतेक वेळा मागची नंबर प्लेट असते. मागे फोमची पट्टी लावून स्क्रू आवळले की झालं.